पांढऱ्या पोटाचा शामा: अंदमानातला हा पक्षी दयाळ नव्हे, हे कसं ठरवायचं आणि तो कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण अंदमानात चिडिया टापूजवळच्या जंगलात, पहाटे साडेपाचच्या सुमारास पायवाटेच्या कडेला काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी दिसला. त्याआधी बराच वेळ झुडपातून सुरेल गाणं येत होतं. फोटो दोनच मिळाले आणि दोन्ही हललेले. पोट पांढरं दिसतंय. बरोबरचा एक जण म्हणतो दयाळ, दुसरा म्हणतो शामा. पण सह्याद्रीतल्या शामाचं पोट तर तांबूस असतं. मग हा शामा कसा? आणि असलाच तर तो आणखी कुठे भेटेल?

वर्णन जुळतं ते अंदमान शामाशी. शास्त्रीय नाव कॉप्सिकस अल्बिव्हेंट्रिस. पक्षीशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने १८५८ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं, तेव्हा नावातच पांढरं पोट घातलं; अल्बिव्हेंट्रिसचा अर्थच तो. मात्र ओळख पटवताना पोटावर भिस्त ठेवू नका. तुमच्या सोबत्यांचा वाद पोटामुळेच झाला. मुख्य भूमीवरच्या शामाचं पोट विटकरी, दयाळाचं पांढरं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे बेटावर काळा-पांढरा पक्षी दिसला की हात आपोआप ‘दयाळ’ लिहितो. अंदमानात मात्र दयाळ आणि शामा दोघांचीही पोटं पांढरी. म्हणजे तिथे पोट बघून काहीच ठरत नाही. ठरतं ते पंखावरून आणि कमरेवरून.

पंख आधी घ्या, कारण बसलेल्या पक्ष्याचा तोच भाग सहज दिसतो. दयाळाच्या पंखावर लांबट, सलग पांढरा पट्टा असतो. पंख मिटलेला असो वा उघडा, तो लपत नाही. शामाचा पंख कोराच काळा असतो, पट्टा नाही. फोटोत अख्खा पंख दिसत असेल आणि त्यावर पांढरं काहीच नसेल, तर नराच्या बाबतीत दयाळ तिथेच बाद झाला. मादीच्या बाबतीतही पट्ट्याचा नियम तोच. फक्त दयाळाच्या मादीचा रंग काळा नसून राखाडी असतो, आणि अंदमानातल्या दयाळाच्या माद्या मुख्य भूमीवरच्यांपेक्षा बऱ्याच गडद असतात. अंधाऱ्या जागी ही गडद मादी ‘मळकट शामा’ वाटू शकते. तिथेही पट्टाच वाचवतो.

आता कंबर. शेपटीच्या मुळाच्या लगेच वर, पाठीचा जो शेवटचा भाग, त्याला इथे कंबर म्हणतोय. शामाची कंबर पांढरीशुभ्र, दयाळाची काळी. खूण याहून पक्की मिळणार नाही. अडचण अशी की पक्षी समोरून किंवा नेमक्या बाजूने बसला असेल, तर मिटलेल्या पंखांची टोकं कंबर झाकून टाकतात. अशा फोटोत पांढरं दिसलं नाही म्हणून शामा नाकारता येत नाही. कंबर खरी दिसते ती पक्षी उडून जाताना. म्हणून झुडपातला पक्षी उडाला की कॅमेरा खाली घेऊन स्क्रीन तपासू नका. तो पाठमोरा जातो ते एक-दोन सेकंद नुसत्या डोळ्यांनी बघा. काळ्या पाठीवर, शेपटीच्या वर पांढरा डाग चमकून गेला, तर काम झालं. असं दिसलं की लगेच वहीत लिहा, ‘उडताना कंबर पांढरी’. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत पांढऱ्या कमरेची पांढरी शेपटी व्हायला वेळ लागत नाही.

शेपटीचा मोह टाळा, असं म्हणायला हवं, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. दयाळ आणि शामा या दोघांच्याही शेपटीची मधली पिसं काळी आणि बाहेरची पांढरी असतात. फांदीवर बसलेल्या पक्ष्याकडे खालून पाहिलं तर दोघांचीही शेपटी पांढरीच भासते. लांबीत फरक आहे. दयाळ सगळा मिळून १९-२० सेंटिमीटरचा, शेपटी मध्यम. शामाची शेपटी अंगाच्या मानाने लांब आणि पायऱ्या-पायऱ्यांनी निमुळती होत गेलेली. पण मादीची शेपटी नरापेक्षा आखूड, तरुण पक्ष्याची त्याहून आखूड, आणि पिसं झडण्याच्या काळात नराचीही अर्धवट वाढलेली असू शकते. त्यामुळे लांब शेपटी हा शामाच्या बाजूने चांगला पुरावा, पण आखूड शेपटी हा त्याच्या विरुद्ध पुरावा नाही.

पोटाचा उपयोग अगदीच नाही असंही नाही. छाती जिथे संपते तिथून पुढे अंदमान शामाचं पोट पांढरं असतं, आणि मागे, कुशींच्या टोकाला व शेपटीखाली, तांबूस छटा येते. दयाळाच्या नरात शेपटीखालचा भाग पांढराच राहतो. ही तांबूस छटा फोटोत आली तर सोन्याहून पिवळं. नाही आली तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण दाट जंगलातल्या फोटोत ती सर्वांत आधी हरवते. कॅमेरा अंधारं दृश्य बघून फोटो उजळ करतो आणि पांढरा भाग भाजून निघतो, त्यालगतची फिकट तांबूस छटा त्यातच विरते. काळ्या-पांढऱ्या पक्ष्यासाठी कॅमेऱ्यातला उजेड (एक्सपोजर) पाऊण स्टॉप कमी ठेवा. आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत जाऊ द्या, शटर १/२०० च्या खाली नको, आणि शक्य असेल तर रॉ फाइल घ्या, म्हणजे काळ्या भागातला तपशील नंतर वर काढता येतो. खरखरीत पण स्थिर फोटो ओळखीसाठी कामाचा असतो. गुळगुळीत पण हललेला नसतो. फ्लॅश वापरू नका. त्याने पक्ष्याला त्रास होतोच, शिवाय चकचकीत काळ्या पिसांवर पांढरे ठिपके उमटतात आणि नसलेला पट्टा दिसू लागतो.

नसलेल्या पट्ट्याचं आणखी एक कारण ओलं पान. पक्ष्याच्या पुढे-मागे असलेल्या पानावरची चमक बरोब्बर पंखावर येऊन बसते. तुमच्याकडे दोन फोटो आहेत, ते शेजारी-शेजारी ठेवा. पांढरी रेघ दोन्हींत पंखाच्या त्याच जागी असेल तर ती पक्ष्याची. सरकलेली असेल तर उजेडाची. पिल्लं आणि तरुण पक्षी तपकिरी, फिकट ठिपक्यांचे असतात. त्यांच्या पंखावरचे ठिपके दुरून रेघेसारखे वाटले तरी तो सलग पट्टा नसतो.

नर-मादीचा फरक इथे मुख्य भूमीइतका ठळक नाही. सह्याद्रीतली शामाची मादी राखाडी-तपकिरी असते, नराशेजारी ठेवली तर चटकन वेगळी कळते. अंदमान शामाची मादी जवळपास नरासारखीच, थोडी फिकी आणि आखूड शेपटीची. त्यामुळे नोंदीत ‘नर’ लिहिण्याची घाई नको. गात होता म्हणून नर, हे एकवेळ चालेल. काळा होता म्हणून नर, हे इथे चालणार नाही.

गाण्याकडे वळू. शामाचा आवाज भरदार, बासरीच्या अंगाचा. एक फिरत संपली की थोडं थांबून दुसरी वेगळी येते. मध्येच इतर पक्ष्यांच्या नकला येतात. बिचकला की ‘टक् टक्’ असा कोरडा आवाज काढतो. दयाळाचं गाणं पातळ, शिट्टीसारखं, आणि ते बहुधा उघड्यावरून येतं: तार, छपराचा कोपरा, वाळकी फांदी. शामा झुडपाच्या आतून गातो. हा फरक मदतीचा आहे, पण नुसत्या गाण्यावर शिक्का मारू नका. त्याच जंगलात भृंगराज म्हणजे पल्लवपुच्छ कोतवालही असतो, आणि नकला करण्यात तो कुणाला हार जात नाही. आवाजाने जागा शोधायची आणि डोळ्यांनी ओळख करायची, हा क्रम बरा. आवाज मोबाइलवर टिपत असाल तर निदान एक मिनिट सलग टिपा, मोबाइल हातात न हलवता फांदीवर किंवा पिशवीवर टेकवा, आणि शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, ठिकाण बोला.

रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवून पक्ष्याला बाहेर काढण्याचा प्रकार मात्र नको. शामा आपल्या हद्दीबाबत कडवा असतो. स्पीकरमधला ‘दुसरा नर’ हाकलण्यासाठी तो खाणं सोडून समोर येत राहतो, आणि पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवर हे एकाच पक्ष्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतं. शिवाय गरजही नसते. पायवाटेपासून आठ-दहा मीटरवर, उजेड पाठीशी घेऊन, दहा-पंधरा मिनिटं न हलता उभे राहिलात तर तो स्वतःच दिसतो. नजर वर झाडांच्या शेंड्यांत नको. गुडघ्यापासून डोक्याच्या थोड्या वरपर्यंतच्या पट्ट्यात ठेवा. तो खालच्या फांदीवरून जमिनीवर झेपावतो, पालापाचोळ्यातला किडा उचलतो आणि परत फांदीवर येतो. त्याच फांदीवर परत यायची शक्यता चांगली असते, म्हणून कॅमेरा आधीच तिथे रोखून ठेवा. याच पट्ट्यात नारिंगी डोक्याचा कस्तुरही पाचोळा उलटत असतो. खसखस ऐकू आली म्हणून शामाच असं धरू नका; एका जागी टिकून राहणारी खसखस बहुधा कस्तुराची असते.

आता राहण्याची जागा. अंदमान शामा जगात फक्त अंदमान द्वीपसमूहात आढळतो. अंदमान आणि निकोबार हे नाव आपण एका दमात घेतो, पण पक्ष्यांच्या दृष्टीने ते दोन वेगळे मुलुख आहेत. मधली दहा अंशांची सामुद्रधुनी सुमारे १५० किलोमीटर रुंद आहे आणि जंगलात दबकून राहणाऱ्या छोट्या पक्ष्याला तेवढं पाणी म्हणजे भिंतच. निकोबारमध्ये हा शामा नाही. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर अंदमानची सारी बेटं मिळून जेमतेम ६,४०० चौरस किलोमीटर, आणि त्यातही शहर, शेती, नारळ-सुपारीच्या बागा, खारफुटी वगळून जे जंगल उरतं तेच याचं घर.

त्या जंगलातही सगळीकडे तो सारखा नाही. त्याला हवा खालचा झुडोरा: वेत, बांबू, वेलींची जाळी, ओल्या नाल्याचा काठ, आणि वर गर्जन, पडौक यांसारख्या उंच झाडांची सावली. वरून जंगल गर्द दिसतं पण आत शिरलं की खाली मोकळं मैदान, अशा जागी वेळ घालवू नका. अंदमानात असं होण्यामागे एक खास कारण आहे. चितळ हा इथला प्राणी नव्हे. इंग्रजांच्या काळात तो बेटांवर आणून सोडला गेला, आणि त्याची शिकार करून संख्या आटोक्यात ठेवणारा मोठा मांसभक्षक प्राणी इथे नाही. चितळांनी रोपं आणि झुडपं खाऊन काढलेल्या जंगलात खालच्या थरातल्या पक्ष्यांना आडोसाही राहत नाही आणि किडेही मिळत नाहीत. त्यामुळे जागा निवडताना झाडांची उंची बघू नका, कमरेएवढ्या उंचीवर किती लांबचं दिसतं ते बघा. दहा-बारा पावलांपलीकडचं काही दिसत नसेल, तर जागा चांगली.

प्रत्यक्ष ठिकाणं सांगायची तर चिडिया टापू सर्वांत सोयीचं. श्री विजयपुरम म्हणजे आधीचं पोर्ट ब्लेअर. तिथून साधारण २५ किलोमीटर, दक्षिण अंदमानच्या टोकाला. गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना चांगलं जंगल आहे, आणि मुंडा पहाडकडची पायवाट सकाळी गर्दी व्हायच्या आत गाठली तर उत्तम. सूर्यास्त बघायला येणाऱ्यांनी संध्याकाळ गजबजलेली असते, तेव्हा सकाळच धरा. दुसरं ठिकाण माउंट मणिपूर राष्ट्रीय उद्यान, जुनं नाव माउंट हॅरिएट, उंची ३८३ मीटर. चॅथमहून बोटीने बांबू फ्लॅटला उतरून वर जाता येतं. माथ्यावरून काला पत्थरकडे जाणारी वाट दाट जंगलातून जाते आणि शामासाठी माथ्यापेक्षा ती वाटच कामाची. उद्यानाचं प्रवेशद्वार उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. पक्ष्यांची वेळ आणि तिकीट खिडकीची वेळ जुळत नाही, ही इथली जुनी रड आहे.

वेळेचा घोळ वेगळा समजून घ्यायला हवा. अंदमान भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान उगवतो, एप्रिलात पाचच्या थोडं पुढे. सहाला उठून सातला जंगलात पोहोचणाऱ्याला शामाचं गाणं शेवटच्या टप्प्यात ऐकू येतं. उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर असायला हवं. संध्याकाळचं गाणं पाचच्या आसपास संपत येतं, आणि त्यानंतर जंगलात अंधार झपाट्याने होतो, म्हणून परतीसाठी विजेरी हवीच. मे महिन्याच्या उत्तरार्धात पाऊस येऊन ठेपतो. मग वाटा निसरड्या होतात, जळवा निघतात आणि बोटींचं वेळापत्रक भरवशाचं राहत नाही. खाडीच्या किंवा खारफुटीच्या काठाने शिरताना मगरीच्या सूचनांचे फलक दिसले तर तिथूनच मागे फिरा. खाऱ्या पाण्यातली मगर इथे खरोखर आहे.

अंदमान ट्रंक रोडवरून बाराटांगकडे किंवा मध्य अंदमानाकडे जाताना दोन्ही बाजूंना अप्रतिम जंगल लागतं. ते जारवा आदिवासींचं राखीव क्षेत्र आहे. वाहनं ताफ्याने जातात. थांबणं, उतरणं, फोटो काढणं यांना बंदी आहे. पक्ष्याचं निमित्तही चालत नाही. निकोबारची बेटं पर्यटकांना खुली नाहीत, आणि शामासाठी तिथे जाण्याचं कारणही नाही.

जागेचं एवढं सांगितलं ते एका विशिष्ट कारणासाठी. बेटावरच्या पक्ष्यात ‘कुठे’ या प्रश्नाचं उत्तर अर्धी ओळख करून देतं, पण फक्त अर्धी. पांढऱ्या डोक्याची मैना घ्या. अंदमानात तिची कंबर आणि शेपटीखालचा भाग फिकट असतो, कार निकोबारमध्ये हेच भाग तांबूस होतात, आणि कच्छाल बेटावर तांबूस रंग शेपटीखालीच राहतो. जात एकच, बेटागणिक रूप वेगळं. नोंदीत नुसतं ‘अंदमान-निकोबार’ लिहिलं तर ही सगळी माहिती वाया जाते. उलट बाजूचं उदाहरण हवाईचं. तिथे जंगलात शामा सर्रास गातो, पण तो बेटाचा मूळ रहिवासी नव्हे. मुख्य भूमीवरचा नेहमीचा तांबूस पोटाचा शामा १९३१ मध्ये काउआई बेटावर आणि १९४० मध्ये ओआहूवर नेऊन सोडला गेला. गोड गळ्यामुळे शामा पिंजऱ्यात फार पूर्वीपासून विकला जातो, म्हणून कुठल्याही बंदराच्या गावाजवळ शामा दिसला तर पोटाचा रंग पुन्हा नीट बघा. अंदमानात तांबूस पोटाचा शामा दिसला, तर तो पळालेला पाळीव पक्षी असण्याचा विचार आधी करा.

शामा-दयाळांच्या या कुळात बेटांवर असं रंग बदलणं नवीन नाही. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरचा शामा तर जवळजवळ सगळाच काळा आहे. तेव्हा पोटाचा रंग बदलला म्हणून ‘हा शामा कसा’ असं वाटून घेऊ नका.

नावाचा गोंधळही निस्तरून घ्या. जुन्या पुस्तकांत अंदमानचा शामा हा मुख्य भूमीवरच्या शामाचीच एक उपजात म्हणून दिलेला आहे, कॉप्सिकस मलबारिकस अल्बिव्हेंट्रिस या नावाने. आताच्या याद्यांत तो स्वतंत्र जात आहे. तुमच्या जुन्या वहीत अंदमानच्या सहलीत ‘शामा’ लिहिलेलं असेल तर ते चूक नाही, फक्त आता त्यापुढे ‘अंदमान’ जोडा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना मात्र यादीतून नेमकं नाव निवडा, ‘दक्षिण अंदमान, चिडिया टापू’ असं ठिकाण नकाशावर टोचा, आणि शेऱ्यात तीन गोष्टी लिहा: पंखावर पट्टा होता की नाही, कंबर दिसली की नाही, आणि पक्षी जमिनीपासून किती उंचीवर होता. यातलं जे दिसलं नाही ते ‘दिसलं नाही’ असंच लिहा.

तुमच्या दोन फोटोंपैकी ज्यात पक्षी बाजूने बसलाय तो मोठा करून पंख तपासा. पट्टा नसेल तर अंदमान शामा म्हणून नोंदवायला हरकत नाही. झुडपातून येणारं गाणं, लांब शेपटी आणि ठिकाण त्याला पुरेसं बळ देतात. पंखच धूसर असेल तर नोंद ‘शामा किंवा दयाळ’ अशी उघडी ठेवा, आणि पुन्हा गेलात तर त्याच वाटेवर, त्याच वळणावर, उजाडायच्या आधी उभे राहा. हद्द धरून राहणारा पक्षी आहे, तिथेच भेटण्याची शक्यता मोठी.